'हॅमर'ला रक्ताने तारलं नाही

भयपट चालला की आपल्याकडे एक ठरलेला वाद रंगतो. २०२४ साली कोकणातल्या दंतकथेवरच्या 'मुंज्या'ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला तेव्हाही तो रंगला. एक बाजू म्हणते, लोकांना हेच हवं असतं, तुम्ही बसा नाकं मुरडत. दुसरी म्हणते, भुताखेतांवर गल्ला जमवायला अक्कल लागत नाही, त्यात कसलं आलंय कर्तृत्व! वाद जरा जाणकारांत पोहोचला की दोन्ही बाजू हटकून ब्रिटनच्या 'हॅमर' या भयपटांसाठी गाजलेल्या चित्रपट कंपनीचा दाखला काढतात. एकाला तो व्यवहारज्ञानाचा पुरावा वाटतो, दुसऱ्याला अधोगतीचा. पण दोघांनी गृहीत धरलेली गोष्ट एकच असते: हॅमर रक्त आणि अंगप्रदर्शन विकून मोठी झाली. भांडण उरतं ते हे चांगलं की वाईट एवढ्यापुरतं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. हॅमरला रक्ताने तारलं नाही. आपण रक्तामुळे तरलो असं खुद्द कंपनीला वाटू लागलं, तेव्हा ती बुडाली.

हॅमरचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट कोणता, या साध्या प्रश्नाला निदान चार उत्तरं आहेत, आणि वाद घालणारे आपापल्या सोयीचं उचलतात. चाहत्यांना विचाराल तर १९५८ चा 'ड्रॅक्युला'. जुन्या धंद्याचे हिशेब पाहणारे १९६६ च्या 'वन मिलियन इयर्स बी.सी.'चं नाव घेतात. १९७१ साली ब्रिटनमधल्या एखाद्या थिएटरमालकाला विचारलं असतं तर त्याने डोळे मिटून 'ऑन द बसेस' म्हटलं असतं. त्या वर्षी तिकीटबारीवर सर्वांत जास्त चाललेल्या दोन-तीन चित्रपटांत तो होता, आणि तो भयपट नव्हताच. नुसता डॉलरांचा आकडा पाहायचा तर २०१२ चा 'द वूमन इन ब्लॅक' सगळ्यांच्या पुढे जातो, जगभरात बारा कोटी डॉलरांहून अधिक. आता या चौघांत समान काय आहे? रक्त? पहिल्यात आहे, तेही आजच्या मानाने चमचाभर. बाकीच्या तिघांत ते जवळजवळ नाहीच.

आधी विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. कंपनी १९३४ साली काढली ती विल्यम हाइंड्सने, जो रंगमंचावर 'विल हॅमर' या नावाने विनोदी कामं करायचा. युद्धानंतर सूत्रं पुढच्या पिढीकडे आली आणि जेम्स कॅरेरास हा पक्का विक्रेता पुढे झाला. कॅरेरासची पद्धत अशी, की आधी नाव ठरवायचं, पोस्टर रंगवून घ्यायचं, ते अमेरिकन वितरकाच्या टेबलावर पसरायचं आणि पैसे कबूल झाले की मग पटकथा. उद्या लोकांना स्ट्राउसचे वॉल्ट्झ हवे असतील तर आम्ही तेच बनवू, अशा अर्थाचं तो खुशाल बोलायचा. ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने १९५१ साली सोळा वर्षांखालच्यांना मज्जाव करणारं 'एक्स' प्रमाणपत्र आणलं, तेव्हा मोठ्या कंपन्या त्यापासून चार हात दूर राहिल्या. हॅमरने काय केलं? बीबीसीच्या गाजलेल्या मालिकेवरून १९५५ साली चित्रपट काढला आणि 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' या नावातल्या शेवटच्या शब्दाचं पहिलं इंग्रजी अक्षर 'ई' गाळून तिथे ठसठशीत 'एक्स' बसवला. म्हणजे ज्याची लाज वाटायला हवी त्याचीच जाहिरात! पुढे १९५७ साली 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आला तेव्हा 'ऑब्झर्व्हर'च्या समीक्षक सी. ए. लेजून यांनी त्याची गणना आपण पाहिलेल्या अर्धा डझन सर्वांत किळसवाण्या चित्रपटांत केली. त्या पूर्ण चुकल्या होत्या असंही म्हणवत नाही. घरोघरी कृष्णधवल टीव्ही येत होता. ब्रिटनमध्ये १९४६ साली वर्षाला १६३ कोटींवर तिकिटं खपत, ती १९६० पर्यंत पन्नास कोटींच्या आसपास घसरली. अशा काळात लालभडक रंगातलं रक्त हे घरी न मिळणारं काहीतरी होतं. हॅमरने ते दाखवलं आणि लोक आले, हे कुणी नाकारू नये.

पण लोक आले यावरून ते कशासाठी थांबले हे कळतं का? पोस्टर तिकीट विकतं एकदा. ६५ हजार पौंडांच्या आसपास खर्चून केलेला 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना महिनोन्महिने चालतो, तो पाहून आलेला माणूस दुसऱ्याला सांगतो म्हणून. आणि पाहून आलेल्या माणसाने नेमकं काय पाहिलं होतं?

या चित्रपटातली एक जागा पाहा. बॅरन फ्रँकेन्स्टाइनचे घरातल्या जस्टिन नावाच्या मोलकरणीशी संबंध आहेत. ती गरोदर आहे, लग्नाचा तगादा लावते, वर धमकी देते. एका रात्री ती पुरावा शोधायला प्रयोगशाळेत शिरते आणि बॅरन बाहेरून दार लावून घेतो. आत त्याने प्रयोगातून जिवंत केलेला प्राणी आहे. आपल्याला फक्त तिची किंचाळी ऐकू येते आणि दाराबाहेर उभा असलेला बॅरन दिसतो. लगेच पुढचं दृश्य सकाळच्या न्याहारीचं. स्वच्छ टेबलक्लॉथ, कपबशा, आणि बॅरन होणाऱ्या बायकोला शांतपणे म्हणतो, जरा मार्मालेड इकडे देतेस का. संपलं. रक्ताचा थेंब नाही, प्रेत नाही, संगीताचा दणका नाही. तरी तो मार्मालेड अंगावर येतो. याच चित्रपटात बॅरन एका फाशी दिलेल्या दरोडेखोराचं शिर कापतो, ते कापणं चौकटीच्या खाली होतं; दिसतं ते एवढंच की बॅरन झालेला पीटर कुशिंग काम करता करता रक्ताळलेला हात सहज कोटाला पुसतो, जसा एखादा कारागीर पुसेल. कुशिंग हातातल्या वस्तूंशी इतका खेळायचा की सेटवर त्याला 'प्रॉप्स पीटर' म्हणत. भीती त्या रक्तात नाही, त्या पुसण्याच्या सवयीत आहे. एका सुशिक्षित, खानदानी माणसाला दुसऱ्याच्या जिवाचं काहीच वाटत नाही, हे युद्ध संपून बारा वर्षंही न झालेल्या ब्रिटनमधल्या प्रेक्षकाला कळायला समीक्षकाची गरज नव्हती.

'ड्रॅक्युला'चं तर याहून बोलकं. ८२ मिनिटांच्या या चित्रपटात ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली पडद्यावर अगदी थोडी मिनिटं दिसतो. तो जेवढा बोलतो तेवढं सुरुवातीला जोनाथन हार्करशीच, आणि बोलतो ते घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं, सभ्यपणे. नंतर अवाक्षर नाही. शेवटच्या झटापटीत पिशाच्चांचा शिकारी व्हॅन हेल्सिंग झालेला कुशिंग लांबलचक टेबलावरून धावत जाऊन पडद्यांवर झेप घेतो, ऊन आत येतं, आणि तो दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करतो. ही कल्पना कुशिंगची स्वतःची. बरं, या चित्रपटातले सगळ्यात 'आक्षेपार्ह' तुकडे ब्रिटिश सेन्सॉरने कापले होते. ड्रॅक्युला स्वतःचा चेहरा नखांनी ओरबाडतो ते दृश्य आणि मीनाच्या शय्यागृहातल्या दृश्याचा काही भाग मायदेशातल्या प्रेक्षकाने अर्धशतकभर पाहिलाच नाही. २०११ साली जपानमधल्या संग्रहात जुनी रिळं सापडली, मग ते तुकडे परत जोडले गेले. रक्त आणि वासना हेच हॅमरच्या यशाचं गुपित असेल, तर ज्या देशात तेच नेमकं कापलेलं होतं त्या देशात हा चित्रपट दंतकथा कसा झाला? याचं उत्तर 'लोकांना हेच हवं असतं' वाल्यांकडे नाही.

माझं उत्तर फार रोमांचक नाही. ते आहे कामाच्या पद्धतीत. १९५१ साली कंपनीने बर्कशायरमध्ये थेम्सकाठी, ब्रे गावाजवळचं 'डाउन प्लेस' हे जुनं घर घेतलं आणि त्याचा स्टुडिओ केला. शेजारी 'ओकली कोर्ट' नावाची मनोरे असलेली हवेली होती, ती बाहेरच्या दृश्यांना कामी यायची. माणसं ठरलेली: टेरेन्स फिशर दिग्दर्शक, जो मूळचा संकलक, त्यामुळे कुठे कापायचं हे त्याला कुणी शिकवायला नको, जिमी सँग्स्टर पटकथाकार, जेम्स बर्नार्ड संगीतकार, जॅक अॅशर कॅमेऱ्यावर, आणि कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन, ज्याने तेच खांब, तेच जिने, तेच दरवाजे फिरवून फिरवून एका चित्रपटातली प्रयोगशाळा दुसऱ्यात ट्रान्सिल्व्हेनियाचा वाडा केली. प्रेक्षकाला कधी कळलंही नाही. पुढे १९६५ साली तर चार चित्रपट जोड्याजोड्यांनी, एकाचे सेट दुसऱ्याला वापरून उरकले. हे काटकसरीचं कौतुक नव्हे. काटकसर सगळेच करतात. मुद्दा असा की हातात पैसा नसताना काय दाखवायचं नाही हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणारी माणसं वर्षानुवर्षं एकत्र काम करत असतील तर त्या 'न दाखवण्या'ला एक शैली येते. अॅशरच्या प्रकाशयोजनेत वाड्याच्या कोपऱ्यात उगाच एखादी जांभळी किंवा हिरवी छटा असे, तिचा उगम कुठून ते विचारायचं नाही. ती तिरीप रॉबिन्सनच्या पुठ्ठ्याच्या भिंतीला दगड बनवायची.

आपल्या रामसे बंधूंनी हेच ओळखलं होतं. हॅमरच्या पिशाच्चांपेक्षा त्यांनी हॅमरचं घर उचललं, असं मला वाटत आलंय. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) साठी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेलं, तिथल्या विश्रामगृहात मुक्काम आणि तिथेच चित्रण. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीला, एक लेखनाला, दोघं दिग्दर्शनाला. रामसेंच्या चित्रपटांत पाट्या टाकलेल्या जागा भरपूर आहेत, ते हॅमरच्या तोडीचे होते असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण 'पुराना मंदिर' (१९८४) लोकांनी डोक्यावर घेतला आणि त्याच सुमाराचे त्याच मालमसाल्याचे डझनावारी भयपट आले तसे गेले. मसाला तोच होता ना? मग फरक कुठे पडला?

आता माझ्या मताविरुद्धचे दोन भक्कम पुरावे. पहिला, 'द फँटम ऑफ द ऑपेरा' (१९६२). दिग्दर्शक तोच फिशर, कला रॉबिन्सनची, खर्च नेहमीपेक्षा जास्त, रक्तपात कमी. ब्रिटनमध्ये तर कौटुंबिक प्रेक्षकासाठी आणखी कापून सौम्य केलेला. आपटला. फिशरला त्यानंतर बराच काळ कंपनीने कामच दिलं नाही. म्हणजे संयम असूनही पडला की नाही? पडला. पण तो पाहताना जाणवतं की इथे संयम नाही, कचरणं आहे. फँटमला बिचारा करायचा म्हणून त्याचे खून एका बुटक्या नोकराच्या माथी मारले, खलनायकी एका लबाड उमरावाकडे दिली, आणि मुख्य पात्राला करायला काही उरलंच नाही. बॅरनचा मार्मालेड इथे कुणाच्याच टेबलावर नाही. कमी रक्त म्हणजे चांगला चित्रपट, असा माझा दावा नाहीच. रक्त हा निकषच नव्हे एवढं म्हणतोय.

दुसरा पुरावा जास्त अडचणीचा. 'वन मिलियन इयर्स बी.सी.' म्हटलं की जगाला आठवतं रॅकेल वेल्शचं फरच्या बिकिनीतलं छायाचित्र. तिला संवाद असे नाहीतच. ते पोस्टर नसतं तर चित्रपट एवढा चालला नसता, हे मी निमूट कबूल करतो. पण हॅमरने याचा काय अर्थ घेतला पाहा. पाच वर्षांत आणखी आदिमानवपट काढले. त्यातल्या शेवटच्यात, 'क्रीचर्स द वर्ल्ड फरगॉट' (१९७१) मध्ये, बाया होत्या, कातडी वस्त्रं होती, हाणामाऱ्या होत्या. डायनोसॉर मात्र गाळले, कारण ते महाग आणि वेळखाऊ. रे हॅरीहाउझेनने पहिल्या चित्रपटात एकेका चौकटीला पुतळा कणाकणाने हलवून जे प्राणी जिवंत केले होते, त्यांना हिशेबनीसाने खर्चाच्या रकान्यात टाकलं आणि बिकिनीला जमेच्या. त्या चित्रपटाचं नाव आज हॅमरच्या चाहत्यालाही चटकन आठवत नाही. प्रयोगशाळेत करावा तसा स्वच्छ प्रयोग झाला हा: देह ठेवा, कारागिरी काढा, आणि काय उरतं ते मोजा.

'ऑन द बसेस'बद्दल समीक्षक बोलायलाच तयार नसतात आणि हॅमरचे चाहते तर त्याहून नाहीत. टीव्हीवरच्या मालिकेचा तो चित्रपट. आईच्या घरी राहणारा बसड्रायव्हर स्टॅन, त्याची बहीण, मेहुणा आणि डेपोतला खवट इन्स्पेक्टर. बायकांना बस चालवायला घेतात म्हणून स्टॅनचा ओव्हरटाइम जातो आणि तो त्यांना पिटाळायच्या मागे लागतो. आज पाहताना ते पुष्कळ ठिकाणी खटकतं, खटकायलाच हवं. पण त्या वर्षी लाखो ब्रिटिश कामगारांनी तिकीट काढलं ते ओव्हरटाइम, हप्ते, सासू आणि साहेब यांची कटकट पडद्यावर त्यांच्याच बोलीत ऐकू आली म्हणून. योगायोग असा की त्याच १९७१ साली आपल्याकडे 'सोंगाड्या' आला. दादा कोंडके द्वयर्थी बोलतात म्हणून चालतात, असं शहाण्यांनी ठरवून टाकलं. मग कितीजणांनी द्वयर्थी संवाद लिहून पाहिले, त्यांचे किती रौप्यमहोत्सव झाले? दादांमागे सेवादलाच्या कलापथकाची, वगनाट्याच्या हजारो प्रयोगांची तालीम होती. प्रेक्षकाचा श्वास कधी थांबतो ते त्या माणसाला रंगमंचावरून कळायचं. नक्कल करणाऱ्यांनी नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं उचललं.

कंपनी कशी बुडाली, तर बाहेरची कारणं खरी आहेत. १९६८ साली निर्यातीतल्या कामगिरीबद्दल तिला राणीचा उद्योग पुरस्कार मिळाला, आणि त्याच सुमारास अमेरिकन कंपन्यांनी ब्रिटनमधला पैसा काढून घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला, १९७३ मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट'; त्यांच्यापुढे घोडागाड्या आणि वाडे जुनाट दिसू लागले. हे संकट कुणालाही झेपलं असतं असं नाही. पण संकटात कंपनीने कुठल्या गोष्टींना हात लावला ते बघायला हवं. अॅशरला तर आधीच, त्याची प्रकाशयोजना वेळ आणि पैसा खाते म्हणून, दूर केलं होतं. १९६६ मध्ये ब्रे सोडून एल्स्ट्रीच्या भाड्याच्या स्टुडिओत बस्तान हलवलं. १९७० मध्ये रॉबिन्सन वारला. त्याच्याजागी दुसरा रॉबिन्सन मिळत नसतो. निर्माता अँथनी हाइंड्स त्याच सुमारास बाहेर पडला. आणि त्याच वर्षी 'एक्स'ची वयोमर्यादा अठरावर गेल्यावर कंपनीने ठरवलं, आता मोकळीक मिळालीय, तर जे खपतं ते दुप्पट द्या. 'द व्हॅम्पायर लव्हर्स'पासून नग्नता वाढली, जखमा वाढल्या. ड्रॅक्युलाला समकालीन लंडनमध्ये आणलं, मग १९७४ मध्ये हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सबरोबर पिशाच्च आणि कुंग-फू एकत्र केलं. समीक्षक पंधरा वर्षं ओरडत होते की ही कंपनी फक्त रक्त आणि मांस विकते. शेवटी कंपनीने ते मनावर घेतलं! यापूर्वी हॉलिवूडच्या युनिव्हर्सलचंही असंच झालं होतं. १९३१ साली एकेका राक्षसावर एकेक चित्रपट. १९४४ मध्ये सगळे राक्षस एकाच घरात. १९४८ मध्ये अॅबट-कॉस्टेलोच्या विनोदात त्यांची रवानगी. राक्षसांची संख्या वाढत गेली तशी भीती कमी होत गेली, आणि तरी हॅमरच्या कचेरीत कुणी तो ताळेबंद उघडून पाहिला नाही. १९७९ मध्ये कंपनी ऋणकोंच्या रांगेत उभी राहिली, कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे गेला.

तीसेक वर्षांनी नाव नव्या मालकांनी जिवंत केलं आणि 'द वूमन इन ब्लॅक' आला. इथेही शंका काढता येते, की हा डॅनियल रॅडक्लिफचा हॅरी पॉटर संपल्यानंतरचा पहिला चित्रपट, त्याचे चाहते येणारच. आले. पण जवळपास तीन वर्षांनी त्याच घरात, त्याच काळ्या कपड्यांतल्या बाईला घेऊन काढलेल्या दुसऱ्या भागाला त्याच्या निम्मीही कमाई करता आली नाही. तिथे दर पाच मिनिटांनी दचकवायची घाई होती. पहिल्यात मधला मोठा भाग असा आहे, की एक तरुण वकील भरतीच्या पाण्याने तुटलेल्या घरात एकटा, हातात मेणबत्ती, जुनी खेळणी, वरच्या मजल्यावर आपोआप हलणारी खुर्ची, आणि संवाद जवळजवळ नाहीत. सेन्सॉरने सहा सेकंद कापून, बारा वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर येऊ शकेल असं प्रमाणपत्र दिलं. त्या वर्षी ब्रिटिश सेन्सॉर मंडळाकडे सर्वाधिक तक्रारी आल्या त्या याच चित्रपटाबद्दल. आईबापांचं म्हणणं रक्ताविषयी नव्हतं, ते तिथे जवळजवळ नव्हतंच. पोरं फार घाबरली, असं होतं.